काळी एक

मडगावात, टायरच्या दुकानावरची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
पंखा बंद, कारण पंखाही सूर धरून बसतो.
सिप्रियान कुलासोनं बूट दाराशी काढले,
पेटीला पाय लागू नये म्हणून लांबून वळसा घातला
आणि विचारलं, "बाब, तुमचा दो कुठे?"

म्हटलं, आमच्याकडे सा असतो.
आणि तो कुठेही असतो.
गळ्यात जिथे बसेल तिथे,
पडसं झालं तर अर्धी पट्टी खाली उतरून.
तो हसला नाही.
कुडतरीच्या इगर्जीतल्या शाळेत
सातव्या वर्षी मेस्तानं छडीनं दाखवलेला त्याला दो:
एकच, कायमचा,
तळ्याकाठच्या खुरसासारखा पुरलेला.
पावसाळ्यात तळं चढो, वैशाखात आटो,
दो तिथेच.

तीन दिवस भांडलो त्यावर.
त्याचे इटालियन शब्द, माझी पेटी,
चार व्हायोलिनं, फोंड्याहून आणलेला एक पखवाज.
विरह दोन्हीकडे सारखाच,
असं यंत्रापुढे बसून निकलाव म्हणाला,
ज्याला कोणी सोडून गेलेलं नव्हतं.

आमच्या म्हार्दोळात गवई वरच्या सुराकडे निघतो
तो वाटेत थांबत, ओळखी काढत,
एकेका श्रुतीच्या ओट्यावर पान लावत.
हा सरळ गेला.
माडावर पाडेली चढतो तसा,
कमरेला कोयता, खाली न बघता,
आणि शेंड्याला पोचला तेव्हा
अख्खा माड हलला.
मी भाता मारायचा विसरलो.
खरं सांगतो, पेटी माझी असून
मनानं ती त्याच्याच बाजूची होती.
तीही शेवटी गलबतातून आलेली,
आमच्याकडे सून म्हणून नांदलेली.

अल्बम निघाला. पाचशे सीडी.
मुखपृष्ठावर तो, काळ्या कोटात, खाजनात उभा, मागे बगळा.
माझं नाव पाठीमागे, बारीक, एक वेलांटी चुकलेलं.
इगर्जीबाहेर कोणी म्हणालं, हे मोतेत नव्हे.
देवळाबाहेर कोणी म्हणालं, हे भजन नव्हे.
दोघांचंही बरोबर होतं.
एकशे बारा खपल्या.
उरलेल्या माझ्या पलंगाखाली खोक्यात,
वरच्या सीडीवरचा त्याचा डावा बूट उंदरांनी खाल्ला.

आणि निकलावनं श्वास कापले होते.
उंच सुराआधीचा त्याचा, भात्याची माझ्या कुरकुर,
सगळं पुसून स्वच्छ.
ऐकताना वाटतं,
खोलीत माणूस नव्हताच कोणी.

आता तो तारवटी.
मोठ्या जहाजावर रोज संध्याकाळी गातो,
सूप येईपर्यंत.

परवा एर्मेलिंदा दोदोल घेऊन आली,
पदर नाही म्हणून रुमालानं फोन पुसला
आणि माझ्या कानाला लावला.
वारा. काट्याचमच्यांचा आवाज. मग तो:
"बाब, पियानोवाला पळाला.
बार्सिलोनात उतरला तो परत चढलाच नाही.
आठवडा झाला, एकटाच गातोय."
मग दो?
तो थांबला. श्वास घेतलेला ऐकू आला मला,
अख्खा, न कापलेला.
"खाली इंजिन घुमतं ना रात्रंदिवस,
तुमच्या काळी एकपेक्षा जरासं उतरून.
त्यालाच सा धरलाय."

सा म्हणाला तो.

मी पेटी ओढली.
काळी एक गेल्या पावसात फुगली आहे,
दाबली की वर येत नाही,
दुसरं काहीही वाजवा, ती मागे बोलतच राहते.
दुरुस्त करणारा डिचोलीला गेला तो गेलाच.
जरा चढली असेल त्याच्या इंजिनाहून, असू दे.
एर्मेलिंदानं सुरी खाली ठेवली,
फोन पेटीच्या तोंडाशी धरला.
मी भाता मारत राहिलो.